आई-बाबांना ग्रुप टूरने युरोपला पाठवू का? देश मोजू नका, रात्री मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे चुकीचं समजले असेन तर तिथेच थांबवा. आई ६४, बाबा ७०, पुण्यात राहतात, बाबांना शुगर आणि आईचा उजवा गुडघा त्रास देतो. दोघांनी एका मराठी टूर कंपनीचा १५ दिवस १० देश असा युरोपचा प्रोग्राम पसंत केलाय, पैसे अजून भरलेले नाहीत. तुमचं म्हणणं, ग्रुप टूर म्हणजे छत्रीमागे मेंढरासारखं पळायचं, त्यापेक्षा मी हॉटेल आणि ट्रेनची सगळी बुकिंग करून देतो, दोघं निवांत फिरतील आणि पैसेही वाचतील. आईचं म्हणणं, जायचं तर ग्रुपनेच. आणि यावरून घरात तीन आठवडे धुसफूस चालू आहे.

मी १७ वर्षं टूर मॅनेजर म्हणून युरोपच्या बॅचेस केल्या, आता माझेच गुडघे बोलायला लागले म्हणून ऑफिसात बसून नवीन मुलामुलींना तयार करते. म्हणजे मी धंद्याच्या बाजूची आहे हे धरूनच पुढचं वाचा.

मला विचाराल तर तुमचं भांडण चुकीच्या गोष्टीवरून चाललंय. ग्रुप की स्वतंत्र हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघा की आई-बाबा रोज किती तास बसमध्ये बसणार, किती चालणार आणि किती वेळा बॅग भरणार. ग्रुप टूर खराब होते ती ४५ लोकांमुळे क्वचितच, ती खराब होते १० देशांमुळे.

आता "मेंढरं". खरं आहे, नाकारत नाही. मी स्वतः हातात पिवळी छत्री घेऊन व्हेनिसच्या पुलांवरून माणसं नेलीयेत आणि मागे वळून टाळकी मोजलीयेत. ही कल्पना काही आपल्या कंपन्यांनी काढलेली नाही. १८४१ सालच्या जुलैमध्ये थॉमस कुक नावाच्या माणसाने इंग्लंडात लेस्टरहून लाफबरोला सुमारे ५०० लोक एका शिलिंगात आगगाडीने नेले, तेही दारूबंदीच्या सभेला. दारूबंदीच्या सभेतून सुरू झालेल्या धंद्यात आज आम्ही वाईन टेस्टिंग ॲड-ऑन म्हणून विकतो ते सोडा. पण तेव्हाही माणसांनी पैसे दिले ते एकाच कारणासाठी, की तिकीट कुठे काढायचं, कुठे उतरायचं, परत कसं यायचं हा विचार दुसरं कोणीतरी करेल. तुमची आई तेच मागतेय. तिला युरोप बघायचाय, युरोपात निर्णय घ्यायचे नाहीयेत. ४० वर्षं घरात रोज "आज भाजी कुठली" हा निर्णय तिनेच घेतलाय, १५ दिवस तो कोणीतरी दुसऱ्याने घ्यावा असं वाटलं तर काय चुकलं?

तुमच्या प्लॅनबद्दल एकच प्रश्न विचारते. बॅगा कोण उचलणार? स्वित्झर्लंडच्या ट्रेन्स घड्याळासारख्या चालतात, त्याबद्दल वाद नाही, पण २०-२० किलोच्या दोन बॅगा घेऊन ट्रेन बदलायची, काही ठिकाणी प्लॅटफॉर्म बदलायला पाच-सहा मिनिटं मिळतात, पॅरिस मेट्रोच्या कितीतरी स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि जिने संपता संपत नाहीत. कोचने, म्हणजे टूरच्या बसने, जाताना बॅग सकाळी हॉटेलच्या दारात डिकीत जाते आणि संध्याकाळी पुढच्या हॉटेलच्या दारात निघते. पस्तिशीत हे किरकोळ वाटतं. सत्तरीत आणि दुखऱ्या गुडघ्यावर अख्ख्या ट्रिपचा हिशोब यावर ठरतो. आई-बाबा आधी दोघंच कुठे परदेशी फिरले असतील, फोनवर मॅप बघून चालायची सवय असेल आणि एकाच शहरात पाच-सहा दिवस राहायची तयारी असेल तर तुमचा प्लॅन मस्त चालेल. पण पहिल्याच वेळी पाच देश ट्रेनने करणार असतील तर नको, माझं स्पष्ट मत.

आता तो १० देशांचा प्रोग्राम. तुम्ही टाकलेल्या यादीत लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, जर्मनी, स्विस, लिकटेनस्टाइन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन आहे. व्हॅटिकन अर्धा चौरस किलोमीटरही नाही, रोममध्ये एक चौक ओलांडलात की तुम्ही दुसऱ्या देशात, आणि ब्रोशरमध्ये त्याला अख्ख्या देशाचा मान. लिकटेनस्टाइन १६० चौरस किलोमीटर, पुणे महापालिकेची हद्द याहून मोठी आहे, तिथे वाडुझ गावात तास-दीड तास थांबायचं, टॉय ट्रेन, कॉफी, फोटो, चला. वाईट जागा नाहीयेत या, पण देशांचा आकडा हा असा फुगतो.

त्यापेक्षा कागद-पेन घेऊन रात्री मोजा. १५ दिवसांतला पहिला आणि शेवटचा विमानात आणि एअरपोर्टवर जातो, उरले १३. प्रत्येक हॉटेलसमोर किती रात्री आहेत ते लिहा. "१" खूप वेळा आला तर समजा की आईला रोज पहाटे उठून बॅग भरायचीय. आमच्याकडे याला ६-७-८ म्हणतात, ६ ला वेक-अप कॉल, ७ ला ब्रेकफास्ट, ८ ला बस हलली. लांबचा पल्ला असेल तर ५-६-७. सलग तीन दिवस असं झालं की चौथ्या दिवशी बसमध्ये अर्धी माणसं झोपलेली असतात आणि बाहेरून सगळं ऑस्ट्रिया निघून जातं, मी माइकवर बोलतेय आणि मागून घोरण्याचा आवाज येतोय असं कित्येकदा झालंय.

मग प्रोग्राममधले शब्द नीट वाचा, आमच्या धंद्याची ही वेगळी भाषा आहे. "व्हिजिट" लिहिलं असेल तर आत जाणार, तिकीट त्यात धरलेलं आहे, तरी एकदा विचारून घ्या. "फोटो स्टॉप" म्हणजे खाली उतरायचं, १०-१५ मिनिटं. "ओरिएंटेशन टूर" किंवा "ड्राइव्ह पास" म्हणजे बसच्या काचेतून, डावीकडे बघा, गेलं. "फ्रॉम आउटसाइड" सरळच आहे, पण लोकांना कलोझियमसमोर उभं राहिल्यावर कळतं की आत जायचं नव्हतं, आणि मग बिचाऱ्या टूर मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा असतो. आयफेल टॉवर दुसऱ्या मजल्यापर्यंत की अगदी वर, हेही लेखी हवं. हॉलंडमधली केकनहॉफची ट्युलिप बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत साधारण आठ आठवडेच उघडी असते, त्यामुळे फोटोत ट्युलिप आणि डिपार्चर जूनची असेल तर ट्युलिप फोटोतच बघायचे.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राच्या टूरमध्ये "मॅनेजर सारखा घड्याळ दाखवायचा". यामागचं कारण बहुतेकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. युरोपात कोच ड्रायव्हरचे तास कायद्याने बांधलेले आहेत. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा फार तर १०, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक, आणि रात्री सलग ११ तास विश्रांती, आठवड्यात मोजक्या वेळा ती ९ वर आणता येते. आणि हे तोंडी नाही, गाडीत टॅकोग्राफ असतो, ड्रायव्हरचं कार्ड त्यात घातलेलं असतं, मिनिटामिनिटाची नोंद होते आणि पोलिसांनी अडवलं तर दंड होतो. आता एक दिवस डोळ्यासमोर आणा. पॅरिस, दुपारी दोन तास शॉपिंगला सोडलं, एक कुटुंब ५० मिनिटं उशिरा आलं कारण परफ्यूमच्या टॅक्स रिफंडची लाइन होती. बाकीचे ४१ जण बसमध्ये. रात्री इल्युमिनेशन टूर होती, रोषणाईतलं पॅरिस, आणि ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, मॅडम, माझे तास संपतायत, मी सरळ हॉटेलला जाणार. गेलोही. त्या रात्री सगळ्या बसने मला जे ऐकवलं ते मी अजून विसरले नाही, आणि ज्यांच्यामुळे झालं ते कुटुंब त्यात सगळ्यात मोठ्या आवाजात होतं. तेव्हापासून पहिल्याच दिवशी बसमध्ये मी हा टॅकोग्राफ उघडून दाखवायचे. माणसांना कारण कळलं की ती वेळ पाळतात, नुसतं "लवकर या" म्हटलं तर शाळेत असल्यासारखं वाटतं आणि चिडतात.

याच तासांचा दुसरा अर्थ असा की पॅरिसहून स्वित्झर्लंडला जायचा दिवस हा पूर्ण बसचा दिवस. ६०० किलोमीटरच्या वर अंतर, कोचचा वेग १०० च्या वर जात नाही, ब्रेक धरून सकाळचे निघालेले संध्याकाळी पोचतात. असे दिवस प्रोग्राममध्ये किती आहेत ते बघा. दोन ठीक. चार असतील तर दुसरा प्रोग्राम शोधा.

चालण्याचं गणित वेगळं. लोकांना वाटतं बस आहे म्हणजे चालायचं नाही. उलट आहे. इटलीतल्या जुन्या शहरांत मोठ्या बसला आत सोडतच नाहीत. फ्लॉरेन्सला बाहेर उतरून डुओमोपर्यंत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपर्यंत, चालत, व्हेनिसला ट्रोनकेट्टोला बस लावून बोटीने, मग सेंट मार्क्स स्क्वेअरपर्यंत चालत, वाटेत पुलांना पायऱ्या. २०२४ पासून व्हेनिसमध्ये गाइडबरोबर २५ पेक्षा जास्त लोक फिरू शकत नाहीत आणि लाउडस्पीकरला बंदी आहे, म्हणून आपल्या ४५ च्या ग्रुपचे दोन भाग होतात आणि कानात हेडसेट. लोकल गाइड तिथलाच लागतो, लायसन्सवाला, आणि तो इटालियन ढंगाच्या इंग्लिशमध्ये बोलतो. आईला ते समजलं नाही तर काळजी नको, बसमध्ये परत आल्यावर टूर मॅनेजर मराठीत सांगतोच, निदान सांगायला हवं. व्हॅटिकन म्युझियमपासून सेंट पीटर्सपर्यंत गर्दीत अडीच-तीन तास पायांवर, बसायला फारसं नाही, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. म्हणून निघायच्या अडीच-तीन महिने आधीपासून दोघांनी रोज चालायला सुरुवात करावी, आधी अर्धा तास, मग वाढवत तासभर, आणि ज्या बुटांनी चालले तेच बूट न्यायचे. नवेकोरे बूट घालून आलेली माणसं मी दुसऱ्या दिवशी चपलेत बघितलीयेत, दगडी रस्त्यावर, पायाला फोड.

गुडघ्याचं आईने पहिल्याच दिवशी मॅनेजरला सांगावं. लपवू नये. आमच्या बायका लपवतात, "उगाच माझ्यामुळे सगळ्यांना" असं म्हणून, आणि मग सहाव्या दिवशी पाय सुजतो. आधी कळलं की मी तिला सांगू शकते की आज हा भाग सोड, या कॅफेत बस, ४० मिनिटांनी आम्ही याच वाटेने परत येतोय. बसमध्ये सीट रोटेशन असतं, रोज सगळे सरकतात म्हणजे पुढच्या सीटवरून भांडण नको, पण खरोखर त्रास असेल तर पहिल्या दोन रांगांत कोणीतरी सोय करतं.

आणि आता तो विषय जो विचारायला प्रत्येकाला संकोच वाटतो. बाथरूम. शुगरवाल्या ७० वर्षांच्या माणसासाठी हा विषय आयफेल टॉवरपेक्षा मोठा आहे. कोच साधारण दोन-अडीच तासांनी थांबते, बसमध्ये टॉयलेट असलं तरी बरेच ड्रायव्हर ते बंदच ठेवतात. हायवेवरच्या पंपांवर पैसे टाकून आत जावं लागतं, जर्मनीत कित्येक ठिकाणी १ युरो, आणि मशीनला नाणं दिलं की काम झटपट होतं. खिशात नाण्यांची वेगळी छोटी पर्स. बाबांना मध्येच लागलं तर मॅनेजरला हळूच सांगायचं, आम्ही ड्रायव्हरला विचारून पुढचा थांबा अलीकडे घेतो, वर्षानुवर्षं करतोय, यात लाजण्यासारखं काही नाही. हॉटेलात जेट स्प्रे नसतो, हेही आधीच सांगून ठेवा, मग ते काय ते बघून घेतील. प्लास्टिकचा मग बॅगेत नेणाऱ्या माणसांना मी कधी हसले नाही.

जेवणाबद्दल तुम्ही थोडं टोचून लिहिलंय, "युरोपला जाऊन पनीर". मीही पहिल्या वर्षी हेच म्हणायचे. मग बघितलं की तिसऱ्या दिवसापर्यंत हौसेने पिझ्झा-पास्ता खाणारी माणसं चौथ्या दिवशी संध्याकाळी वरण-भात दिसला की गप्प होतात आणि दुसऱ्यांदा भात घेतात. रात्रीचं जेवण बहुतेक इंडियन रेस्टॉरंटमध्ये असतं, तिथे एकामागून एक ग्रुप येतात म्हणून कधी साडेसहालाच बसवतात, चव सगळीकडे तीच पंजाबी ग्रेव्ही, त्यात फार अपेक्षा ठेवू नका. बाबांसाठी खरा प्रश्न दुपारचा आहे. काही दिवशी पॅक लंच, काही दिवशी "ओन लंच" म्हणजे स्वतःच्या पैशाने, आणि बस जामात अडकली की दोनचे तीन-साडेतीन वाजतात. गोळी किंवा इन्शुलिन घेतलंय आणि जेवण लांबलंय ही अवस्था यायला नको, म्हणून हातातल्या बॅगेत खाखरा, दाणे, भडंग, बिस्किटं कायम हवीत आणि डॉक्टरांना जायच्या आधी विचारायचं की वेळा हलल्या तर डोसचं काय. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आणि हात जोडून एक विनंती, ब्रेकफास्टच्या बुफेतून डबा भरायचा नाही. हॉटेलवाले बघतात, आणि मग पुढच्या ग्रुपला बोलणी बसतात.

स्वित्झर्लंडमधलं बर्फातलं युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे. आता केबल कार आणि ट्रेनने माणूस इतका पटकन वर जातो की शरीराला समजायला वेळच मिळत नाही, वर पोचल्यावर काहींना गरगरतं, धाप लागते. हळू चालायचं, पाणी प्यायचं, पहिल्या पाच मिनिटांत बर्फात पळत सुटायचं नाही. बाबांना हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांची परवानगी घ्या. आणि हवामान? ते नशीब. एकदा टिटलिसला, स्वित्झर्लंडमधल्याच दुसऱ्या बर्फाच्या डोंगरावर, नेलं तर वर फक्त पांढरं, हातभर अंतरावरचं दिसेना. तेव्हा नवीन होते, प्रोग्राममध्ये मंगळवार लिहिलाय म्हणून मंगळवारीच नेलं. नंतर शिकले की वरचे कॅमेरे सकाळी बघायचे आणि जमत असेल तर दिवसांची अदलाबदल करायची. एका गावात तीन रात्री असतील तरच ही अदलाबदल होते. एकच रात्र असेल तर ढग असले तरी तेच आणि पाऊस असला तरी तेच. रात्री मोजा म्हणते ते यासाठीसुद्धा.

आता नकोसं वाटणारं, पण तुम्ही मुलगा आहात म्हणून तुम्हाला माहीत असायलाच हवं. कोणी आजारी पडलं तर टूर थांबत नाही. काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एक काकू हॉटेलच्या पायरीवर घसरल्या, मनगट मोडलं. रात्री मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये होते, पहाटे ३ ला परत आले, आणि ७ ला उरलेल्या ४० लोकांना घेऊन व्हेनिसला निघाले. काकू आणि काका मागे राहिले, लोकल एजंटचा माणूस येऊन-जाऊन होता, दोघं दोन दिवसांनी ट्रेनने येऊन आम्हाला रोमला मिळाले. बस हलताना काका काचेपलीकडे हात करत उभे होते, आणि मी माइक हातात घेऊन गुड मॉर्निंग म्हणत होते. ज्या पोटच्या मुलाला वाटतं की ग्रुपबरोबर आहेत म्हणजे आई-बाबा कायम कोणाच्या तरी नजरेखाली, त्याने हे लक्षात ठेवावं. एकटे असते तर याहून कठीण झालं असतं, त्या रात्री भाषेपासून फॉर्म भरण्यापर्यंत सगळं मीच केलं, पण ग्रुप म्हणजे घर नव्हे.

म्हणून इन्शुरन्सकडे लक्ष द्या. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, ते कंपनी काढून देईल, पण शुगर-बीपीसारखे आधीपासूनचे आजार त्यात कितपत धरलेत ते पॉलिसी मागून वाचा, आणि कमी वाटलं तर वरून स्वतंत्र घ्या. औषधं दुप्पट न्या, अर्धी हातातल्या बॅगेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावाने, ब्रँडच्या नव्हे, कारण आपले ब्रँड तिथल्या केमिस्टला कळत नाहीत. इमर्जन्सीचा नंबर ११२. पासपोर्ट हरवला तर पोलिस कम्प्लेंट, मग भारतीय वकिलात, तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं पण ते फक्त भारतात परतायला चालतं, म्हणजे टूर तिथेच संपली. पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये, शर्टाच्या आत. रोम, पॅरिस, ब्रसेल्स, तिन्हीकडचे पाकीटमार आपल्या लग्नातल्या पाहुण्यांपेक्षा नीटनेटके कपडे घालतात.

पैशांबद्दल पटकन. प्रोग्रामच्या किमतीवर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून आधीच घेऊन सरकारकडे भरायचा इन्कम टॅक्स, वेगळे लागतात. टीसीएसचे नियम सारखे बदलतात, २०२३ च्या ऑक्टोबरपासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि वर २० होता, २०२५ च्या एप्रिलपासून मर्यादा १० लाख झाली होती, तुमच्या बुकिंगच्या दिवशी काय आहे ते विचारा. हा खर्च नाही, रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो, पण तो ज्याच्या पॅनवर कापला जाईल त्याच्या नावावर दिसतो, त्यामुळे पैसे तुम्ही भरणार की बाबा हे आधी ठरवा. शेंगेन व्हिसाची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तर ती परत येत नाही. आणि त्या परिस्थितीत कंपनी किती पैसे कापते ते लेखी घ्या, फोनवर गोड बोलणारा सेल्सवाला तेव्हा तिथे नसतो.

माझा सल्ला असा की लंडन काढून टाका. त्याला यूकेचा वेगळा व्हिसा, वेगळी फी, पासपोर्ट तेवढे दिवस अडकलेला, खाडी ओलांडण्यात अर्धा दिवस, आणि मिळतात दीड-दोन दिवस. लंडन पुढे कधी वेगळं करा. बेल्जियम-हॉलंडचीही हौस नसेल तर पॅरिस, स्विस, इटली एवढंच, १० ते ११ दिवस, स्विसमध्ये एकाच हॉटेलात निदान तीन रात्री. मराठी कंपन्यांकडे असे प्रोग्राम असतात, कधी सिनियर्ससाठीच काढलेले, फक्त ते ब्रोशरच्या पहिल्या पानावर नसतात कारण पहिल्या पानावर १० देश छान दिसतात. आणि तुमची निवांत फिरवायची हौस राहिली असेल तर एक युक्ती सांगते. टूर पॅरिसला किंवा रोमला संपते, तिथून परतीच्या तिकिटाचं डेव्हिएशन, म्हणजे ग्रुपबरोबर न परतता पुढच्या तारखेचं तिकीट, करून मिळतं, थोडे पैसे लागतात आणि बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं. तुम्ही तिथे जा आणि पुढचे चार दिवस त्यांच्याबरोबर राहा. व्हिसा तेवढ्या दिवसांचा मागायचा, इन्शुरन्सही तेवढा वाढवायचा. तेव्हा आई कुठल्या तरी चौकात दीड तास नुसती बसेल, आणि ग्रुपमध्ये ते काही मिळत नाही.

ग्रुप कसा निघेल हे मात्र कोणी सांगू शकत नाही. मी असे ग्रुप बघितलेत की १२ जणांचं एकच खानदान सगळी बस डोक्यावर घेतं, आणि असेही की मुलुंडच्या दोघी आणि सांगलीचं एक जोडपं ल्युसर्नला पहिल्यांदा भेटले आणि आता दरवर्षी कोजागिरीला एकत्र असतात. ल्युसर्नवरून आठवलं, आईला एक सांगून ठेवा. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, जिथे सगळे शेवटचे एकत्र होते तिथे उभं राहायचं. एक आजी तिथे सिंहाच्या शिल्पासमोर बाकावर ४० मिनिटं बसून होत्या, मी धापा टाकत पोचले तर म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना हलू नका, मग मी कशाला घाबरू?" आणि पिशवीतून वडी काढून दिली.

शेवटी तुम्ही विचारलंय रोज फोन करू का. उन्हाळ्यात युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. तुम्ही ऑफिस आवरून रात्री १० ला फोन कराल तेव्हा तिथे साडेसहा, नेमकी जेवणाची गडबड, आणि आई घाईत सांगेल की भाजी तिखट होती, मग तुम्ही रात्रभर काळजी करणार आणि सकाळी कंपनीच्या ऑफिसला मेसेज टाकणार. तक्रार असली तर आधी मॅनेजरला सांगा असं त्यांना बजावून ठेवा, बसमध्ये बसलेल्या माणसाला जे करता येतं ते मुंबईच्या ऑफिसला करता येत नाही. फोन त्यांना करू दे. नाही आला तर समजा चालून चालून दमलेत आणि झोपलेत.

प्रोग्रामचं पान परत एकदा टाका, हॉटेलच्या गावांची नावं दिसतील असं. रात्री मी मोजून देते.